भोक बुजवायचं नाही, वाढवायचं: नडगीच्या स्नायू-हर्नियाचं एक प्रकरण

रुग्ण 21 वर्षांचा, जत तालुक्यातला. बारावीनंतर सांगलीतल्या एका भरती अकॅडमीत राहून पोलीस भरतीची तयारी करणारा. तक्रार दोन वाक्यांची. उभं राहिलं की उजव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला गाठ येते आणि आडवं झालं की जाते. धावायला लागलं की पाचसातशे मीटरवर पाय भरून येतो आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण एकट्या 1600 मीटरचे असतात. बाकीचे 15-15 गुण 100 मीटर आणि गोळाफेकीला. ज्याचा पाय सातशे मीटरला भरतो त्याने गोळा कितीही लांब फेकला तरी गणित जुळत नाही. हे त्यालाही माहीत होतं, म्हणून अकॅडमीतल्या सरांना त्याने काही कळू दिलं नव्हतं. पहाटे क्रेप बँडेज गुंडाळायचं, वर ट्रॅकपँट चढवायची आणि डांबरी रस्त्यावर सगळ्यांबरोबर पळायचं. असं वर्षभर चाललं.

मिरजेत माझ्याकडे येईपर्यंत दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्या ठिकाणी शीर फुगल्याचा संशय घेऊन डॉपलर केला, तो स्वच्छ निघाला. दुसऱ्या ठिकाणी चरबीची गाठ ठरली आणि जागेवर भूल देऊन काढायची तारीखही मिळाली. नेमक्या त्याच दिवशी अकॅडमीची चाचणी होती म्हणून तो गेला नाही. बरं झालं. ती गाठ कापायला घेतली असती तर चरबीऐवजी जिवंत स्नायू हाती लागला असता आणि त्याच्या कडेला असलेली नस (रक्ताची नव्हे, संवेदना वाहणारी) सुरीच्या वाटेतच होती. मग कुणीतरी एमआरआय सुचवला. रिपोर्ट आला नॉर्मल. मुलाला वाटलं, आपल्याला वेड लागलंय.

एमआरआय नॉर्मल येण्यात नवल नाही. तो आडवं झोपवून काढतात आणि ही गाठ आडवं झालं की आत जाते. यंत्राने जे दिसलं तेच सांगितलं.

तपासणी

त्याला आधी उभं केलं. बाहेरच्या घोट्यापासून साधारण 12 सेंटिमीटर वर, नडगीच्या बाहेरच्या-पुढच्या अंगाला 3 बाय 2 सेंटिमीटरचा मऊ उंचवटा आला. वरची कातडी नेहमीसारखीच. खोकल्यावर काही फरक नाही, नाडीचे ठोके लागत नाहीत. तलवारबाज पुढे झेपावतो तसं एक गुडघा वाकवून भार पुढे घ्यायला लावला तेव्हा उंचवटा आणखी वर आला. टेबलावर झोपवलं आणि गाठ नाहीशी झाली. त्याच जागी बोट फिरवलं तर बोटाचं टोक एका खळग्यात उतरलं. खळग्याला कडा होती, गोल आणि ताठ. चरबीच्या गाठीखाली अशी कडा लागत नाही.

मग त्या कडेच्या खालच्या टोकावर बोटाने हलकेच टिचकी मारली. पोरगा पाय आखडून म्हणाला, "सर, करंट गेला, पार बोटांपर्यंत."

टाचणीने पावलावरची संवेदना तपासली. पावलाच्या वरच्या भागावर ती बोथट होती. पण अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात शाबूत होती. त्या बेचक्याला डीप पेरोनियल नस पुरवठा करते, बाकीच्या वरच्या भागाला सुपरफिशियल पेरोनियल. त्यामुळे कोणती नस अडकली आहे हे टाचणीनेच सांगितलं. सुपरफिशियल पेरोनियल नस नडगीच्या बाहेरच्या कप्प्यातून खाली येते आणि घोट्याच्या 10 ते 12 सेंटिमीटर वर स्नायूंचं आवरण भेदून कातडीखाली येते. म्हणजे तिथे आवरणाला जन्मजातच एक छोटी खिडकी असते. गाठ बरोबर त्याच जागी होती.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात: पुढचा, बाहेरचा आणि मागचे दोन, एक वरवरचा आणि एक खोल. प्रत्येक कप्प्याभोवती फॅशिया नावाचं चिवट पांढरं आवरण असतं. ते फारसं ताणलं जात नाही. या आवरणाला कुठे भोक पडलं किंवा असलेली खिडकी मोठी झाली की आतला स्नायू तिच्यातून डोकावतो. त्याला मसल हर्निया म्हणतात. पायात तो सगळ्यांत जास्त पुढच्या कप्प्यातल्या टिबियालिस अँटीरियर या स्नायूचा दिसतो. सैनिक, धावपटू, कबड्डीपटू, डोंगर चढणारे अशा लोकांत. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. अशांना मी 'हे असू दे' एवढंच सांगतो आणि घरी पाठवतो.

सोनोग्राफी उभं करून केली. रेडिओलॉजिस्ट मैत्रिणीला आधी फोन करून सांगावं लागलं, की प्रोब अलगद ठेवा. दाबला तर स्नायू आत जातो आणि पुन्हा नॉर्मल रिपोर्ट येतो. तिने भरपूर जेली लावून प्रोब जवळपास तरंगता धरला. आवरणाची पांढरी रेघ अडीच सेंटिमीटर तुटलेली दिसली आणि मुलाने भार टाकताच बाहेरच्या कप्प्यातल्या पेरोनियस ब्रेव्हिस या स्नायूचे तंतू तिच्यातून वर आले.

मामांचा सल्ला

मुलाबरोबर त्याचे मामा आले होते. कवठेमहांकाळच्या बाजूला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. मी कागदावर आकृती काढून दाखवत असतानाच त्यांना सगळं समजलं. "डॉक्टरसाहेब, टायर फाटलं की ट्यूब भाईर येतीया, तसलाच परकार ह्यो. आतनं गेटर टाकायचं, वर शिवायचं, काम झालं. आमच्या आबांच्या पोटाच्या हर्न्याला जाळी घातली, तशी ह्येला बी घाला की."

निदान अचूक आणि उपाय शस्त्रक्रियेच्या भाषेतही अर्थपूर्ण. कुठल्याही सर्जनच्या हाताला पहिल्यांदा हेच सुचतं. भोक दिसलं की बुजवायचं. पोटाच्या हर्नियात नेमकं हेच करतात आणि तिथे ते बरोबरच आहे.

मी म्हटलं, "मामा, टायरमध्ये हवा धरून ठेवायची असते. ह्याच्या पायात ती सुटायला जागा द्यायचीय."

त्यांना पटलं नाही. पटावं अशी अपेक्षाही नव्हती, कारण तेव्हा माझ्याकडे आकडे नव्हते. फक्त एक संशय होता आणि तो मुलाच्याच एका बोलण्यातून आला होता. आधीच्या एका डॉक्टरांनी घट्ट मोजा वापरायला सांगितला होता. मसल हर्नियाला तो रीतसर उपचार आहे, स्नायू आत दाबून धरतो. मुलगा म्हणाला, "मोजा घालून चालताना बरं वाटतं. पण पळायला गेलं की उलट लवकर भरतंय." नुसतं भोक असतं तर मोजा पळतानाही उपयोगी पडायला हवा होता.

मेहनत केली की स्नायूत रक्त भरतं आणि त्याचं आकारमान साधारण 20 टक्क्यांनी वाढतं. आवरण ताणलं जात नाही, त्यामुळे कप्प्यातला दाब चढतो. काहींच्यात तो इतका चढतो की स्नायूला रक्त पुरत नाही, पाय भरून येतो, थांबलं की काही मिनिटांत उतरतो. याला क्रॉनिक एक्झर्शनल कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. अशा पायांत स्नायू-हर्निया बऱ्याचदा सापडतो, कारण वाढलेला दाब आवरणातली सगळ्यात कच्ची जागा शोधतो. तसं असेल तर ही गाठ मूळ रोग नव्हे. ती तयार झालेली वाट आहे. ती शिवली तर दाबाची एकुलती एक वाट बंद होते.

हे पुस्तकी भय नाही. आवरण शिवून बंद केल्यावर काही तासांतच तीव्र कम्पार्टमेंट सिंड्रोम झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यात पाय ताठ होतो, दुखणं वेदनाशामकाला दाद देत नाही, बोटं ताणली की रुग्ण ओरडतो. सहाएक तास दाब उतरला नाही तर स्नायू मरायला लागतो आणि मग पाऊल वर उचलणं कायमचं जाऊ शकतं. जर्मनीच्या रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी 1881 साली हाताच्या बाबतीत अशाच कोंडलेल्या स्नायूचं आखडणं वर्णन केलं होतं. आजही ऑर्थोच्या विद्यार्थ्याला परीक्षेत हे विचारलं जातं आणि आजही रात्री दोनला उठवणारा तोच आजार आहे.

आकडे

कप्प्यातला दाब मोजायला हातात धरायचं वेगळं यंत्र मिळतं. ते आमच्याकडे नाही. आयसीयूत धमनीतला रक्तदाब सतत मोजायला जो आर्टिरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (दाब टिपणारा सेन्सर) असतो, त्यावर भागवलं. जागेवर भूल देऊन कप्प्यात कॅन्युला सरकवायची, सलाइनची नळी जोडायची, शून्य पायाच्या पातळीवर घ्यायचं. पळवायचं कुठे? हृदयाच्या स्ट्रेस टेस्टचा ट्रेडमिल होता. त्या खोलीतल्या टेक्निशियनने आजवर छातीत दुखणारे आजोबा पाहिले होते. पट्ट्यावर सुसाट पळणारा जतचा पोरगा पाहून तो ईसीजीच्या तारा लावायच्याच विसरला. आम्हाला त्या नकोच होत्या.

1990 साली पेडोविट्झ आणि सहकाऱ्यांनी या आजारासाठी जे निकष मांडले ते अजून वापरात आहेत: विश्रांतीत 15, व्यायामानंतर एका मिनिटाने 30 किंवा पाच मिनिटांनी 20 मिलिमीटर पारा. यापैकी एक जरी आकडा गाठला किंवा ओलांडला तरी पुरे. मुलाच्या उजव्या पुढच्या कप्प्यात तीन आकडे आले: 17, 41 आणि 27. बाहेरच्या कप्प्यात मिनिटानंतर 33. डाव्या पायाचा पुढचा कप्पाही मोजून घेतला. तो 13, 28, 18, म्हणजे उंबरठ्याच्या आत, पण फार आत नाही.

हे आकडे मामांना लिहून दाखवले. पंक्चरवाल्या माणसाला दाब समजावून सांगावा लागत नाही. ते बराच वेळ 41 कडे बघत बसले, मग म्हणाले, "मंग ह्येला गेटर टाकून फुटंलच की आतनं."

पर्याय त्यांच्यासमोर मांडले. पहिला, पळणं सोडणं. व्यायामाने येणारा हा दाब व्यायाम थांबवल्यावर त्रास देत नाही आणि भरतीचा नाद नसलेल्या माणसाला मी हाच सुचवला असता. दुसरा, भोकावर जाळी किंवा मांडीतून काढलेल्या फॅशियाचं ठिगळ. भोक मोठं असेल, दाब नॉर्मल असेल आणि गाठीचं दिसणंच खुपत असेल तर त्याचा विचार होतो. इथे दाबच बिघडलेला होता आणि नडगीवरच्या पातळ कातडीखाली कायमची जाळी ठेवायलाही मी नाखूश असतो. तिसरा, फॅशियोटॉमी. भोक बुजवायचं नाही, ते वर-खाली लांब उघडून द्यायचं, दोन्ही कप्प्यांची आवरणं मोकळी करायची आणि नस सोडवायची.

तोटेही सांगितले. गाठ जाईल, पण तिथे लांबट फुगवटा राहील. स्नायूची ताकद किंचित कमी होऊ शकते. नसेला इजा झाली तर पावलावर बधिरपणा राहील. व्रण घट्ट झाला तर त्रास परतही येऊ शकतो. मुलाने एकच विचारलं, पळता येईल का. मी म्हटलं, बहुतेक येईल. त्याला "बहुतेक" ऐकूच आलं नाही.

शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेतली एक महत्त्वाची पायरी थिएटरच्या बाहेर होते. सकाळी वॉर्डात त्याला उभं करून गाठीभोवती मार्कर पेनने गोल काढला. भूल दिल्यावर गाठ उरत नाही आणि मग सर्जन अंदाजाने जागा शोधत बसतो. बाहेरचा घोटा, फिब्युलाचं (नडगीशेजारच्या बाहेरच्या बारीक हाडाचं) डोकं आणि पुढच्या व बाहेरच्या कप्प्यामधल्या पडद्याची रेघही तेव्हाच आखून घेतली.

पाठीतून भूल, मांडीला टुर्निके (रक्तप्रवाह तात्पुरता थांबवणारा पट्टा). गोलावर 5 सेंटिमीटरचा उभा छेद. कातडीखालची चरबी बाजूला केली तशी पांढऱ्या आवरणात लंबगोल भोक दिसलं, अडीच बाय दीड सेंटिमीटर, कडा गुळगुळीत आणि जाड. ताज्या फाटीची कडा अशी नसते. तिच्यात लालसर स्नायू, निरोगी रंगाचा, चिमट्याने स्पर्श केला की आकसणारा. खालच्या कडेवरून नस बाहेर पडत होती आणि तिथे तिला काटकोनात मोड आला होता. मोडाच्या वर ती किंचित जाड, खाली बारीक. टिचकीचा करंट इथूनच निघत होता.

नसेखालून रबराची पट्टी घालून ती अलगद बाजूला धरली. ही नस सगळ्यांत एकाच वाटेने जात नाही. काहींत ती पुढच्या कप्प्यातूनही उतरते. म्हणून ती डोळ्यांसमोर येईपर्यंत कात्री चालवायची नाही. मग मधला पडदा ओळखून आधी पुढचा कप्पा घेतला. लांब कात्रीचं तोंड थोडं उघडं ठेवून आवरणावर सरकवायचं, वर गुडघ्याच्या वाटीच्या दिशेने, खाली घोट्याच्या मध्याकडे. घोट्याजवळ स्नायूंच्या दोऱ्या जागेवर धरणारी आडवी पट्टी असते, तिच्या आधी थांबायचं. ती कापली तर पाऊल वर उचलताना दोऱ्या धनुष्याच्या प्रत्यंचेगत वर येतात. बाहेरचा कप्पा खाली घोट्याकडे आणि वर फिब्युलाच्या डोक्याकडे. पण डोक्याच्या बरंच अलीकडे थांबायचं, कारण त्याला वळसा घालून कॉमन पेरोनियल नस जाते आणि तिला धक्का लागला तर पाऊल लोंबतं. वरचा भाग नजरेखाली कापता यावा म्हणून वरच्या अंगाला आणखी एक छोटा छेद घेतला. आंधळेपणाने कात्री ढकलून वेळ वाचतो, नस वाचेलच असं नाही.

आवरण उघडत गेलं तसा स्नायू सबंध लांबीभर वर आला. नसेचा काटकोन सरळ झाला.

टुर्निके सोडून बारीकसारीक रक्तस्राव थांबवायला मी भरपूर वेळ घेतला. मोकळ्या केलेल्या कप्प्यात रक्त साठलं तर आपणच पुन्हा दाब तयार करतो. मदतीला असलेल्या निवासी डॉक्टरने तोवर सुईधारकात जाड धागा लावून ठेवला होता. थरागणिक शिवत बाहेर यायचं हे पहिल्या वर्षापासून हातात बसतं. त्याला सांगितलं, आवरण उघडंच ठेवायचं, फक्त चरबी आणि कातडी शिवायची. त्याने धागा परत ठेवला, पण त्याचा चेहरा अर्धवट सोडलेल्या कामाकडे बघावं तसा होता.

नंतर

साठणारं रक्त बाहेर काढायला एक दिवस ड्रेनची नळी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून घोटा वर-खाली करायला लावला, कारण स्नायू हलता राहिला नाही तर कापलेल्या कडा व्रणाने पुन्हा जुळतात आणि सगळं मुसळ केरात. कुबड्यांवर भार देत चालणं लगेच. दोन आठवड्यांनी टाके काढले. महिन्याच्या सुमारास सायकल, दोन महिन्यांनी मातीच्या मैदानावर हलकी जॉगिंग, तीन महिन्यांनंतर वेगात धावणं. मातीवरच, डांबरावर नाही, हे तीनदा बजावलं. अकॅडमीच्या सरांना चिठ्ठी दिली. सर फोनवर म्हणाले, एवढं दुखत होतं तर आधी का नाही बोलला? त्यांच्याकडे दुखतंय म्हणणारा पोरगा दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत जातो, हे मी बोललो नाही.

तीन महिन्यांनंतरच्या भेटीत आई बरोबर होती. तिची तक्रार वेगळीच. "गाठ गेली, पण पाय सुजल्यागत दिसतो की हो." दिसत होता. उभं राहिल्यावर नडगीच्या बाहेरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत सौम्य भरलेपणा होता. हा राहणार हे कागदावर लिहून दिलं होतं, पण कागद मामांकडे होता. आईला दोन्ही पाय शेजारी ठेवून दाखवले, बोटाने दाबून दाखवलं की सूज असती तर खळगा पडला असता. समाधान झालं असं नाही, चिंता मात्र उतरली.

सहा महिन्यांनी तो पूर्ण 1600 मीटर न थांबता पळत होता, मुंग्या नाहीत. पावलावरची संवेदना बहुतांशी परतली. छेदाच्या खाली रुपयाएवढी जागा बधिर आहे, तिची त्याला पर्वा नाही. उजव्या पायाचा दाब पुन्हा मोजला नाही. लक्षणं गेलेली असताना सुया खुपसण्याचं कारण नव्हतं.

अलीकडे त्याचा फोन आला होता. उजव्या पायाने वेग वाढला तसा डावा बाराशे मीटरनंतर थोडा भरायला लागलाय. गाठ नाही, मुंग्या नाहीत. तिथले जुने आकडे 13, 28, 18 असे आहेत. हा आजार अनेकांत दोन्ही पायांत असतो. तूर्त रोजचं अंतर कमी करायला सांगितलंय, घट्ट मोजा काढून टाकायला सांगितलाय आणि पुढच्या महिन्यात ट्रेडमिलची खोली परत मागून घेतली आहे. मामा म्हणाले, ह्या वेळी ते स्वतः मीटर वाचणार.